साबणातला ठसा

वर्षानुवर्षं स्वयंपाकिणीच्या कमरेला असलेला किल्ल्यांचा जुडगा मालकीणबाईंनी नव्या गुलाम पोरीला दिला, तेव्हापासून स्वयंपाकिणीच्या अंगाचा तिळपापड होत होता. दोघी विकत आणलेल्याच, पण ही कालची कार्टी दिवसभर जुडगा खुळखुळवत ‘मावशी, मावशी’ करत मागेमागे फिरायची! रात्री बाई जुडगा परत घेत आणि स्वयंपाकिणीला एकटीला स्वयंपाकघरात कोंडून ठेवत. एकदा पोर साबणाच्या वडीत किल्ली दाबताना स्वयंपाकिणीला दिसली, तशी ती ओरडली, “बाईसाहेब, ही फाटकाची किल्ली बनवून पळणार बघा!” मुकादम चाबूक घेऊन धावला, बाईंनी त्याला अडवलं, मारहाण त्यांना बघवत नसे. त्यांनी पोरीला सरळ खाणवाल्याला विकून टाकलं. जुडगा परत कमरेला आला. स्वयंपाकिणीनं मोरीवर पडलेली तीच साबणाची वडी उचलून फाटकाची किल्ली ठशात बसवून पाहिली. बसेना. बाकीच्या लावल्या. बसली ती स्वयंपाकघराच्या कुलपाची.