कोमट पेज

मागच्या अंगणातून चैतराम हंडी घेऊन आला तेव्हा रुख्मा खाटेवर जागीच होती. राखेने घासून लखलखीत केलेली हंडी, तोंडावर धुतलेलं फडकं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने घरातला एक पेला कधी विसळला नव्हता, आणि आता मागच्या चुलीवर पेजही म्हणे तोच रांधत होता.

"कुठं चाललात?"

"आजाऱ्याईच्या घरी पेज पोचवा लागते ना. तू पडून राय. उठशील तर डोकं फिरन."

आणि तो उंबरा ओलांडून गेलासुद्धा.

दसऱ्याच्या आधी आगगाडीने मानमोडीचा ताप दरेकशात उतरला आणि घराघरांत माणसं आडवी झाली. ज्याचे पाय चालत होते तो पडलेल्यांच्या तोंडात पाणी घालत होता. चैतरामचे पाय चालत होते. विहिरीचं पाणी तो कावडीने घरोघर नेत असे. रुख्मा तापात बरळत होती तेव्हा त्याने कोठी उघडून गावात धान वाटलं, हे तिला मागाहून कळलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट ऊर भरून आला.

पण ही हंडी? ती रोज नाल्यापलीकडच्या त्या एकाच घरी का जावी?

ते घर शामकलाचं होतं. चैतरामची सोयरीक आधी तिच्याशीच ठरत होती. कुठेतरी बिनसलं आणि रुख्मा या घरात आली. शामकलाला सालेकशाला दिलं होतं. नवरा गेल्यावर ती बापाच्या घरी परतली आणि तलावाखालच्या धानाच्या बांध्या स्वतः कसू लागली. यंदा पावसाने सगळ्यांना रडवलं, तिच्या बांध्या मात्र पिकल्या. उपाशी असती तर रुख्माने एक वेळ समजून घेतलं असतं. खाऊनपिऊन सुखी बाईला कसली आलीय पेज?

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात रुख्माने चारचौघींत सांगूनच टाकलं होतं, "तिच्या हातचं पाणीबी माया घरात चालनार नाई. जीव गेला तरी." बायका खो खो हसल्या होत्या. चैतराम हसला नव्हता. ते तिच्या मनात तेव्हापासून सलत होतं.

खाटेवरून नाल्याची वाट दिसायची. जाताना तो भराभर जाई. येताना मोहाच्या झाडाखाली थांबे, मग हंडी दोन्ही हातांनी सावरत, सावकाश, पाय ओढत येई. तिकडे जायला पंख फुटतात आणि घरी यायचं जिवावर येतं, रुख्मा मनात म्हणायची आणि जळायची.

तो परत आला की मग मायलेकींच्या वाट्याची पेज. तीही कोमट. आधी ती, मग आम्ही. मंदा, रुख्माची चार वर्षांची पोर, तापातून नुकतीच उठलेली, वाटी चाटूनपुसून पिई. तिच्या हाडांवर आता कुठे मांस धरत होतं. बापाचं कौतुक सांगताना पोरीच्या तोंडाला खळ नसे. रुख्माला तेही सोसवत नव्हतं.

पायांत थोडा जोर आला तशी एका दुपारी तिने काठी घेतली. चैतराम कावड घेऊन गेला होता, मंदाला झोप लागली होती. वाटेत दोनदा बसून ती नाला ओलांडून गेली.

शामकला अंगणात मोठा थोरला गंज घासत होती. एकट्या बाईला एवढं भांडं! रुख्माच्या अंगाचा तिळपापड झाला.

"उठलीस का, बाई? बरं झालं. पोरगी कशी आहे?"

"माया पोरीचं नाव नोको घेऊ. उद्यापासून आमची हंडी तुया दारात दिसली नाई पायजे."

शामकलाचा हात थांबला. "चैतरामले इचारलं का?"

किती सहज नाव घेतलं! रुख्माने स्वतः ते कधी ओठांवर आणलं नव्हतं.

"त्याईले कायले इचारू? हंडी माई आहे."

"थोडे दिस थांब, रुख्मा. पोरगी चालाले लागू दे. मंग मले का बोलाचं ते बोल."

"काऊन? आमच्या हंडीबिगर करमत नाई का तुले?"

शामकला काही बोलणार होती. मग तिने मान खाली घातली. "त्यानं मले आन घातली आहे. मी काई सांगू शकत नाई."

तिची आणि त्याची आण! रुख्माने काठी घट्ट धरली.

"मंग मीबी घालतो. माया मंदाची आन आहे तुले, आमच्या हंडीले हात लावशील तर."

"पोरीची आन नोको घालू!" शामकला उभीच राहिली. "माघारी घे, बाई. तुया पाया पडतो."

ती खरंच वाकली. रुख्माने पाय मागे घेतले. इतकी तडफडते आहे म्हणजे पाणी कुठवर गेलं असेल, ते तिला कळून चुकलं. आण तिने माघारी घेतली नाही.

परतताना मात्र ती एकदाही बसली नाही. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

मंदा जागी होऊन दारात बसली होती. "आई, पेज?"

"आता बाबाची वाट पाहाची नाई. मीच रांधतो. चांगली गरम गरम."

तिने चूल पेटवली, आधण ठेवलं. मूठभर धान कांडायला घ्यावं म्हणून सूप काखेत मारून ती आतल्या खोलीत गेली आणि कोठीचं झाकण सरकवून आत हात घातला. हात खांद्यापर्यंत गेला. बोटांना सारवलेला तळ लागला, आणि बाहेर काढला तेव्हा कोपरापर्यंत कोळ्याची जाळी चिकटून आली होती.