दोन्ही हात

धाकटी घरातली दारंसुद्धा दोन्ही हातांनी ढकलायची. ब्रेस्टस्ट्रोकची सवय! पोहण्याच्या त्या प्रकारात तलावाच्या भिंतीला दोन्ही हात एकदम लागले नाहीत, तर पोहणारी बाद होते.

"मिरवायचं कशाला एवढं?" थोरलीच्या ते डोक्यात जायचं. आधी पोहायला शिकली ती, पण सुवर्णपदक दर वेळी धाकटीला. शेवटी थोरलीने तिच्याशी अबोलाच धरला.

आज थोरलीची शेवटची स्पर्धा होती. धाकटी नेहमीसारखी पुढेच होती, पण भिंतीला तिचा एकच हात लागला आणि ती बाद झाली.

"बरी जिरली!" सुवर्णपदक कुरवाळत थोरली कपडे बदलायच्या खोलीत पुटपुटली.



तेवढ्यात दोन्ही हातांनी दार ढकलून धाकटी आत आली. "ताई, आता तरी बोलशील ना माझ्याशी?"