मयताच्या पायात गोळा

पडदा वर गेला आणि काकांच्या उजव्या पोटरीत गोळा आला.

एरवी माणूस पाय झाडतो, उठून चार पावलं टाकतो, घरच्यांवर ओरडतो. काकांना यातलं काहीच करता येत नव्हतं, कारण ते मेलेले होते. पलंगावर, छातीपर्यंत चादर, डोळे मिटलेले, आणि समोर भरलेलं नाट्यगृह. नाटकात त्यांना काम एवढंच. पण जे होतं ते त्यांचं होतं. मागच्या प्रयोगात ते शिंकले, तेव्हा निर्माते शांतपणे म्हणाले होते, "काका, पुन्हा हललात तर पलंगावर दोन उशा ठेवतो आणि वर चादर घालतो. उशांना चहा लागत नाही."

निर्मात्यांनी कधी विनोद केल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं.

पोटरीचा दगड झाला. बायकोचं काम करणाऱ्या बाई ठरल्याप्रमाणे छातीवर कोसळल्या, तेव्हा काकांनी ओठ न हलवता सांगितलं, "पायात गोळा."

बाई मुरलेल्या. हुंदका तुटू दिला नाही. "अहो, किती वेळा सांगितलं होतं, पाणी पीत जा!" त्यांनी टाहो फोडला. "एक शब्द ऐकला नाहीत!"

हे मात्र खरं होतं. मयताला मधेच उठून जाता येत नाही, म्हणून प्रयोगाच्या दिवशी काका दुपारपासून पाण्याला शिवत नसत.

विंगेतला प्रॉम्प्टर घाईघाईनं पानं उलटू लागला.

धाकटा भाऊ झालेल्या नटाला प्रकार उमगला. "दादा, रोज एक केळं खाल्लं असतंस, तर आज ही वेळ आली नसती रे!" अंधारात कोणीतरी नाक शिंकरलं. मग डॉक्टर पुढे सरसावले. त्यांच्या वाट्याला 'सगळं संपलं' एवढंच वाक्य होतं आणि त्यावर ते कधीच खूश नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वेळेवर गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं असतं," ते खिन्नपणे म्हणाले, "तर वाचले असते."

तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. "आपल्याकडे आहे ना गं ती पिशवी?"

सल्ला सगळ्यांनी दिला. पायाला हात कोणी लावला नाही. चादरीखाली अंगठा वाकडा होऊन वर उठू लागला होता. काकांच्या मिटल्या डोळ्यांपुढे त्या दोन उशा आल्या.

सून खिडकीशी पाठ करून उभी होती. नाटकातली सून कजाग. सासऱ्याचं तोंड पाहायचं नाही की डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, असं लेखकानं तिला पुनःपुन्हा बजावलेलं. तिनं मान वळवली, ती उठलेली चादर पाहिली, आणि धावत येऊन पलंगाशी गुडघे टेकले. एका हातानं काकांचा गुडघा दाबून पाय सरळ केला, दुसऱ्यानं चवडा धरून बोटं नडगीकडे रेटली. जोर पुरेना, म्हणून कपाळही तळव्याला लावलं.

"बाबा!" ती ओरडली. मग हळूच, "ढिला सोडा पाय. श्वास घ्या. थोडासाच."

नाट्यगृहात कोणी खोकेना.

गोळा सुटला. इतकं सुख काकांना जिवंतपणीही लाभलं नव्हतं. ते हलले नाहीत. फक्त मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि दिव्याच्या झोतात सावकाश कानाकडे ओघळला.

पहिल्या रांगेतल्या आजींनी शेजारी बसलेल्या आपल्या सुनेचा दंड धरला. "बघितलंस? सुनेनं जवळ केलं, तर मेलेल्यालाही पाझर फुटला!"

त्यानंतर रडायचं कोणी बाकी राहिलं नाही. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

आत सगळ्यात आधी लेखक धावत आला. "अहो, सून पहिल्याच अंकात विरघळली! आता पुढचे दोन अंक भांडायचं कोणी?"

निर्मात्यांनी त्याला हातानंच बाजूला सारलं. ते टाळ्या ऐकत होते. टाळ्यांची तिकिटं किती होतात हे त्यांना कानानंच कळत असे. मग ते पलंगाजवळ आले.

"काका, ते डोळ्यातलं पाणी."

काका कचरत उठून बसले. "चुकलं, साहेब. पण हललो नाही."

"रोज जमेल?"

काका पोटरी चोळू लागले. तेवढ्यात सून पाण्याचा मोठा ग्लास घेऊन आली.

"आधी हे संपवा, काका. नाहीतर उद्याच्या प्रयोगात पुन्हा गोळा येईल बघा."

काकांनी ग्लास तोंडाशी नेला. निर्मात्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, अगदी आदरानं, दोन्ही हातांनी.