मागचं फूटरेस्ट

जळगावहून गाडी बघायला आलेल्या लोटननानांनी धुळ्यात नवलच्या अंगणात बसून सर्व्हिस बुक पानन् पान वाचलं.

"बठ्ठं बराबर शे," नाना म्हणाले. "अपघात?"

"कधीच नाही, नाना." दुरुस्तीचं पान नवलने सकाळीच फाडलं होतं.

गाडीचं मागचं फूटरेस्ट खट्कन उघडलं. नवलने ते पायाने मिटवलं.

"मागे कोन बसे?"

"कोणी नाही. मी एकटाच वापरली." बोलताना त्याला नानांकडे बघवेना.

फूटरेस्ट पुन्हा उघडलं.

"चालू करी दखाड," नाना म्हणाले.

नवल गाडीवर बसला. मागची सीट हळूच दबली, कोणी बसल्यावर दबते तशी.

हायवेवर चहा पिऊन निघताना त्या दिवशी त्याने घाईत गाडी काढली होती. नीट बसली की त्याची बायको रूपा खांद्यावर दोन थापा मारायची. त्या थापांसाठी तो थांबलाच नाही. ती पडली, आणि मागून ट्रक येत होता.

नाना समोर उभे होते, दोन्ही हातांत सर्व्हिस बुक धरून. नवलने मान खाली घातली.

"बसली का?" त्याने विचारलं.

खांद्यावर दोन थापा पडल्या.