बांगडीतली पिन

“मागे कुत्रं लागलंय का, एवढं पळायला?” असं मॅरेथॉनला निघताना विचारणाऱ्या सासूबाई सारसबागेजवळच्या शेवटच्या वळणावर उभ्या दिसल्या, तेव्हा हेमाच्या छातीवरचा नंबर एकाच पिनेवर लोंबकळत होता. नंबर हरवला की पदक गेलंच. “थांब, माझी पिन लावते!” सासूबाई ओरडल्या. “अहो आई, आता थांबले तर पाय पुन्हा उचलायचे नाहीत!” झालं! सासूबाईंनी पदर खोचला, बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि चपला फटाफट वाजवत त्या सुनेच्या बरोबरीनं पळू लागल्या. दोनदा पिन स्वतःच्याच बोटाला टोचली, तिसऱ्यांदा बरोबर बसली, आणि ढोलताशाच्या गजरात दोघींनी शेवटची रेघ ओलांडली. पदकं वाटणाऱ्या मुलीनं हसत विचारलं, “आजी, तुमचा नंबर कुठाय?” धापा टाकत सासूबाईंनी सुनेच्या छातीकडे बोट दाखवलं. “हा काय! कागद तिचा, पिन माझी. आण इकडे!”