चहाडखोर गाडी

बायजानं इकडंतिकडं पाहिलं, लुगडं जरा वर खोचलं आणि अंगणात उभ्या असलेल्या नव्या गाडीला मागून सणसणीत लाथ घातली. मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ओट्यावर येऊन बसली. सुपारी कातरून होते न होते तोच फोन वाजला.

"आई, गाडीला कुणी धक्का दिला का? माझ्या मोबाइलवर आलंय."

"कोन देतंय रं? वाघ्या आसंल. कुत्र्याला काय कळतंय, गाडी नवी का जुनी."

"ओरखडा उठलाय का बघ जरा."

"बघते की. ठेवू नको हां."

गाडीभोवती एक फेरा घालायला बायजाला चांगला अर्धा तास लागे. पुढच्या चाकापाशी ती विचारी, तिकडं तांदळाची भाकरी मिळते का. दारापाशी नातीच्या पडलेल्या दातांची चौकशी होई. मागच्या काचेपर्यंत पोचेतो शेजारच्या ठकीची सगळी भांडणं सांगून झालेली असत.

नवीन हा तिचा एकुलता एक मुलगा. नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन सुरतेला गेला. तिकडं गाडी लावायला जागा नाही म्हणून ती दहिवलीच्या घरी ठेवून गेला. दार उघडलं, कुणी हात लावला, की गाडी लगेच त्याला तिकडं कळवी. असली चहाडखोर वस्तू दारात नको, असं बायजा आधी म्हणाली होती. पण एकदा पोरांचा चेंडू गाडीवर आदळला आणि भरदुपारी नवीनचा फोन आला. त्या दिवशी मायलेकरं पोटभर बोलली.

एरवी त्याचा फोन आला की "बरी हाय, ठेव आता, तुला कामं आसतील," म्हणून तीच बंद करी. उगाच बोलत बसायची तिला लाज वाटे. गाडीचं म्हणजे काम होतं. कामाला लाज कसली?

वाघ्याला बांधून ठेव असं नवीन म्हणाला, तेव्हा तिनं ठकीच्या शेळीवर घातलं. शेळी विकली गेली तेव्हा म्हणाली, फणस पडला. दिवाळी नुकतीच झालेली, झाडावर फणसाचा पत्ता नाही. नवीन नुसता "बरं" म्हणाला.

ठकीनं मात्र एकदा कुंपणावरून पाहिलंच.

"अगं बायजे, त्या गाडीनं तुझं काय घोडं मारलंय गं?"

"चाकात हवा हाय का बघते."

"पायानं?"

"मंग काय तोंडानं?"

पुढं नवीन सुट्टीवर आला आणि त्यानं खालापूरहून वर्कशॉपचा माणूस बोलावला. त्यानं गाडीला लॅपटॉप जोडला आणि डोकं खाजवलं.

"साहेब, धक्क्याचे किती मेसेज येतात हो तुम्हाला! वैताग नुसता. बंदच करून टाकतो."

बायजा चहा घेऊन दारातच थबकली. हे बंद झालं की फोन बंद. मग पुन्हा बरी हाय, ठेव आता. पुढं होऊन अडवावं, तर सांगावं काय? मला लाथा मारायच्यात म्हणून?

"बंद नको," नवीन म्हणाला. "उलट नुसता हात लागला तरी मला कळेल असं कर. मागच्या कॅमेऱ्यात दिसतं मला, लाथ मारली की आईचा गुडघा दुखतो."