कानावरून काढायचा नाही

शत्रू जिन्याखाली दबा धरून बसला होता. सासऱ्यांना त्याच्या बुटांची चाहूल डाव्या कानामागे स्पष्ट लागत होती. ते बंदूक रोखणार एवढ्यात सगळा गोळीबार बंद पडला आणि कानात कोणीतरी हुंदके देत म्हणालं, "सिस्टर, हिचं पाणी गेलं. आम्ही गाडीतच आहोत. आता काय करू?"

घ्या! हे या हेडसेटचं नेहमीचंच. जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेल्या माणसाने, खरी किंमत घरात कोणाला कळू न देता, हौसेने घेतलेली वस्तू. बिनवायरची, लोण्यासारख्या मऊ गाद्यांची. आणि तिची तऱ्हा काय, तर सुनेचा फोन वाजला की हातातला व्हिडिओ गेम टाकून तिकडे धावायचं आणि न विचारता फोन उचलायचा. बादलीत पडल्यापासून सुनेच्या फोनचा आवाज आणि माइक दोन्ही बसले होते, म्हणून सासऱ्यांनी मोठ्या मनाने तिला हेडसेट वापरू दिला. झालं, तेव्हापासून तो घरजावयासारखा तिच्या फोनला चिकटला होता.

सून मागे कपडे वाळत घालत होती. ती बाळंतपणं करणारी नर्स. सासरे चेष्टेने तिला शिकलेली सुईण म्हणत, आणि ते तिला लागतं हे ठाऊक असूनही म्हणत. त्यांनी हाक मारली तशी ती ओल्या हातांनी आली. तिच्या दवाखान्यात नाव घातलेल्या एका बाईचा नवरा होता तो. सासऱ्यांनी हेडसेट उतरवायला हात वर नेला, तोच तिने अडवलं. कानावरून निघाला की त्या यंत्राला वाटतं माणूस उठून गेला, आणि ते फोन तोडून मोकळं होतं. कालच तसं झालं होतं. इकडे तो माणूस विनवत होता की फोन ठेवू नका, रुग्णवाहिका पुलापलीकडे अडकलीय, इथे रेंज कशीबशी मिळालीय, पुन्हा लागेल याचा भरवसा नाही.

सून वाकून माइकशी बोलली. पलीकडे काहीच पोचेना. घालणाऱ्याखेरीज कोणाचाही आवाज घ्यायचा नाही, हेच त्या माइकचं कौतुक. त्याच गुणाला भुलून सासऱ्यांनी तो घेतला होता.

"बाबा, मी सांगते ते त्याला सांगा," सून म्हणाली, "आणि तो म्हणेल ते मला. शब्दाला शब्द."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. डोकं दिसतंय का, हे आधी विचारा म्हणाली.

आता ज्या माणसाने सुनेसमोर कधी बनियनवर चहासुद्धा घेतला नाही, त्याने हे विचारायचं कसं? सासऱ्यांचे कान तापले. "ते... दिसतंय का हो?" त्यांनी चाचरत विचारलं. काय दिसतंय का, असं तो माणूस रडत रडत विचारू लागला.

"डोकं म्हणा, बाबा." सुनेचा आवाज चढला नव्हता, पण त्यात सूनपण औषधालाही उरलं नव्हतं. "लाज नंतर. तिथे दोन जीव आहेत."

मग सासरे बोलू लागले. डोकं दिसत होतं. बाईला आता जोर करू देऊ नका, छोटे छोटे श्वास घ्यायला लावा. तळवा खाली धरा, ओढू नका, येईल तसं येऊ द्या. मानेभोवती नाळ आहे का ते बोटाने चाचपा. आहे? मग घाबरू नका, सैल करून हलकेच डोक्यावरून काढा. सुनेने डोळे मिटले होते. तिचे दोन्ही हात हवेत होते आणि ती बोलत होती तसे ते वळत होते, उघडत होते, काहीतरी अलगद झेलत होते. या हातांनी रोज त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला होता. आज सासऱ्यांना त्या हातांची भीती वाटली, देवळात गाभाऱ्याशी वाटते तशी.

"आलं," ते म्हणाले. "बाळ आलं म्हणतोय."

"रडलं का?"

रडलं नव्हतं. कोरड्या कापडाने पाठ चोळायला सांगा, सून म्हणाली, बाळ मोडत नाही, जोराने चोळा. सासऱ्यांनी सांगितलं. शत्रूचा श्वाससुद्धा ऐकवणारा तो हेडसेट. त्यात आता गाडीच्या चालू राहिलेल्या इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती आणि एक बाई परत परत विचारत होती, का रडत नाही हो, का रडत नाही? सासऱ्यांनी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं असं काहीतरी मनातल्या मनात मागितलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला, आवाज मात्र होता तसाच राहिला. पुन्हा चोळा. डोकं जरा खाली. आता तळपायाला टिचकी मारा.

उचकीसारखं काहीतरी झालं. आणि मग ते रडणं आलं, दोन्ही कानांत, डोक्यात, छातीत, कुठेच जागा उरू नये असं.

"काय झालं? बाबा, बोला ना."

हेडसेट काढता येत नव्हता. ते खुर्चीतून सरकून खाली गुडघ्यांवर आले आणि त्यांनी मान वाकवून आपलं डोकं सुनेपुढे केलं.

तिने त्या डोक्यावर हात ठेवला आणि हेडसेटच्या गादीला बाहेरून कान लावला.